अमावास्येनंतरचा गचका

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आधारवेल रुग्णसेवा मंडळाचे प्रमुख डॉ. पृथ्वीराज घाडगे, प्रमुख पाहुण्या आणि परिचारिका महाविद्यालयाच्या निवृत्त प्राचार्या महेजबीन शेख मॅडम, व्यासपीठावरचे माझे सहकारी विश्वस्त, जिच्यासाठी आपण भर उन्हात शुक्रवार पेठेत जमलो आहोत ती आपली सत्कारमूर्ती हेमावती सिस्टर, तिच्या घरची मंडळी, गावागावांतून एसटीने आलेले रुग्णांचे नातेवाईक, आणि मागे पंख्याखालच्या खुर्च्या अडवून बसलेले माझे जुने विद्यार्थी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या उत्कर्षाताईंनी आत्ता माझी ओळख ज्येष्ठ विचारवंत अशी करून दिली. ताई, तुमचे आभार, पण तसं काही नाही. मी उदयसिंह गायकवाड. हयातभर शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाल्यावर या मंडळाचा विश्वस्त झालो. माणूस तापट आहे. मागच्या रांगेतल्या ज्या कोणाचा मोबाईल मघापासून वाजतोय, त्याला ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सिस्टरला सेवेची मूर्ती म्हटलं, करुणेचा सागर म्हटलं. शाल दिली, श्रीफळ दिलं, सगळं रीतसर झालं. सिस्टर मान खाली घालून ऐकत होती. पण तिचा डावा पाय टेबलाखाली अस्वस्थ होत होता, तो मला इथून दिसत होता. तिला ही भाषा सोसत नाही. सिस्टर, मी तुला मूर्तीही म्हणणार नाही आणि सागरही म्हणणार नाही. तू हट्टी बाई आहेस. आज मी तुझ्या हट्टाबद्दल बोलणार आहे, आणि त्यासाठी मला एका जुन्या गाडीच्या गिअरबद्दल बोलावं लागेल. हसू नका. निरोपाच्या भाषणात गिअर कुठून आला, असं वाटत असेल तर जरा दम धरा.

आपल्या मंडळाचं काम सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पाहुण्यांसाठी सांगतो. जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत, ज्यांना दवाखान्यात येणं शक्य नाही, त्यांच्या घरी जाऊन जखमा धुणं, नळी बदलणं, कूस बदलायला घरच्यांना शिकवणं, हे काम सिस्टर करत आली. बार्शी रोडवरची गावं, वस्त्या, मळे. ड्रायव्हर ठेवून पाहिले, कोणी टिकलं नाही. तेव्हा सिस्टर स्वतःच चालवू लागली. पण तिचा डावा घोटा जुन्या अपघातापासून वाकत नाही, म्हणजे क्लच दाबता येत नाही. जुळे सोलापुरातल्या एका कुटुंबाने परदेशी जाताना आपली जुनी ऑटोमॅटिक गाडी मंडळाला देऊन टाकली, म्हणून हे जमलं. या गाडीला क्लच नाही, गिअर आपले आपण बदलतात. तेव्हा हिशेब सरळ होता. ती गाडी चालली तर सिस्टर चालली, आणि सिस्टर चालली तर भेटी चालल्या.

आणि एके दिवशी ती गाडी लाथा मारायला लागली.

पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना असा गचका बसायचा, की मागून ट्रॅक्टरने ठोकलं असं वाटावं. कधी गाडी एकाच गिअरला धरून बसायची. इंजिन नुसतं ओरडायचं आणि चढावर बैलगाडीसुद्धा आपल्या पुढे जायची. मग काही दिवसांनी गचका आपोआप नाहीसा व्हायचा. गाडी लोण्यासारखी चालायची. आपण म्हणायचो, चला, सुटलो. आणि पुन्हा एक दिवस तेच.

सिस्टर पद्मशाली घरातली, घरात तेलुगू. गचका बसला की ती डॅशबोर्डवर हात ठेवून विचारायची, "एमैंदम्मा?" म्हणजे, काय झालं गं बाई? रुग्णाला विचारते त्याच सुरात. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, लोखंडाला काय विचारतेस?" तर म्हणाली, "सर, मी उत्तरासाठी नाही विचारत. मी माझं डोकं थंड ठेवायला विचारते." बरं म्हटलं.

हे असंच रेटलं असतं. पण वैरागच्या अलीकडच्या वस्तीवरचे तात्याबा, त्यांना एकदा मोठ्या दवाखान्यात हलवायची वेळ आली. अर्धांगवायूने वाचा गेलेली, कमरेचं हाड दुखावलेलं. मागच्या सीटवर उशा रचून त्यांना निजवलं. गाडी निघाली आणि गचका बसला. ज्या माणसाच्या तोंडून कित्येक महिन्यांत शब्द फुटला नव्हता, तो किंचाळला. सिस्टरने गाडी बाजूला घेतली, अॅम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत उन्हात तात्याबांच्या डोक्यावर पदर धरून उभी राहिली. तात्याबांच्या मालकीणबाई, बजाबाई, आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्या सांगतील, मी पदरचं काही घालत नाही.

मग आमची बैठक झाली. अध्यक्षमहाराज, तुम्हाला आठवत असेलच. एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की गिअरबॉक्स गेला, या वयाच्या गाडीला नवा मिळत नाही, भंगारात काढा. ठरावही तयार होता. गाडी विकायची, घरभेटी बंद करायच्या, आणि सिस्टरला इथे केंद्रात टेबलाशी बसवायचं. रुग्ण रिक्षा करून येतील, असं कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते मी सांगत नाही, ते व्यासपीठावर आहेत.

सिस्टर उठली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "साहेब, ज्यांना कूस बदलता येत नाही, ते रिक्षात कसे बसतील? मला पुढच्या बैठकीपर्यंत वेळ द्या. गाडीचं दुखणं मी शोधते." अध्यक्षांनी वेळ दिला, ही त्यांची दिलदारी. पण सोबत एक विश्वस्त साक्षीला राहील अशी अट घातली, आणि ती साक्ष माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून मी त्या गाडीच्या मागच्या सीटवरचा माणूस आहे.

आम्ही एजाजच्या गॅरेजमध्ये गेलो. एजाज मुल्ला माझाच विद्यार्थी, तोंडाने तिखट, हाताने चोख. तो वैतागलेला होता. म्हणाला, "सर, ही गाडी माझ्याकडं आली की शहाण्यासारखी चालती. तुमच्याकडं गेली की लाथा घालती. मी खोलू तर काय खोलू? धडधाकट माणसाचं पोट फाडायचं काय?" त्याचं म्हणणं रास्त होतं. त्याच्याकडे गाड्यांची रांग. आमची गाडी अंगणात उन्हात दोन-तीन दिवस उभी राहायची, तोवर गचका गेलेला असायचा. गिअरचं तेलही त्याने इंजिन चालू ठेवून, गरम करून, नीट बघितलं होतं. ऑटोमॅटिकचं तेल तसंच बघावं लागतं, इंजिन बंद असताना पातळी फसवते. तेल पुरेसं होतं, जळकट वासही नव्हता.

मला वाटलं, झालं, आता सिस्टर गप्प बसेल. कसली गप्प बसते!

इथे थोडं विषयांतर करतो. बोलू न शकणाऱ्या रुग्णाचं दुखणं सिस्टर कसं शोधते, हे मी पाहिलेलं आहे. हेच तात्याबा पूर्वी आठवड्यातून एक दिवस जेवायचेच नाहीत, घास तोंडाबाहेर टाकायचे. तपासण्या झाल्या, पोटाचं औषध झालं. सिस्टरने बजाबाईंना विचारलं, "ते जेवत नाहीत त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही घरात काय काय करता? सकाळपासून सांगा." बजाबाई म्हणाल्या, "काय न्हाय वो. झाडलोट करती, आन बाजाराच्या आधी जुंधळं वाळवायला घालती. त्येला जागा नगं व्हय? म्हून ह्येंची खाट भिताडाकडं फिरीवती." बस्स. म्हाताऱ्याला रस्ता दिसेनासा व्हायचा. दिवसभर भिंत बघून तो रुसायचा. खाट पुन्हा दाराकडे केली, तात्याबा जेवायला लागले. बजाबाई, खरं की नाही? व्हय म्हणतायत.

तर सिस्टरने गाडीचंही तसंच करायचं ठरवलं. रुग्णाला वाचा नाही, तेव्हा उशाशी बसणाऱ्याला विचारायचं. गाडीच्या उशाशी कोण? आपले महिपतीमामा. मंडळाचे पहारेकरी. या गाडीवर त्यांचा जीव. गेटजवळच्या कडुलिंबाखाली ते बसले होते. सिस्टर त्यांच्याजवळ पायरीवरच टेकली आणि विचारलं, "मामा, परवा गाडीने गचका मारला. त्याच्या आदल्या दिवशी गाडीचं काय काय केलं? सकाळपासून सांगा."

"काय केलं? काय न्हाय. हितंच हुती की."

"त्याच्या मागच्या वेळी?"

मामांनी डोकं खाजवलं. "आदल्या दिशी आमुशा हुती, शिष्टर. आमुशेला गाडी धुतो मी. नारळ फोडतो, लिंबू बांधतो. ती काय आजची रीत हाय व्हय?"

"आणि परवाच्या आदल्या दिवशी?"

"त्यो बी आमुशेचाच दिस की."

मी उभ्या उभ्या थबकलो. सिस्टरने लगेच पुढचं विचारलं. "मामा, गाडी कशाने धुता?"

"आदी बादलीनं धुत हुतो. आता शेजारी वाशिंग सेंटर झालंय न्हवं, त्येंचा पंप आनतो. गचके मारायला लागल्यापासनं तर बॉनेट उघडून इंजिनाला बी आंगूळ घालतो. म्हटलं, कुनाची तरी नजर लागलीया. लई घासून पुसून करतो."

बघा मंडळी. गाडी आजारी पडली म्हणून मामांनी पूजा वाढवली, आणि आंघोळ वाढली म्हणून आजार वाढला. आपल्याकडे अमावास्येला गाडी धुवून नारळ फोडत नाही असा ड्रायव्हर मला दाखवा. आता यात चूक कोणाची म्हणायची? मामांनी जे केलं ते जिव्हाळ्याने केलं. माझ्यासारखा विज्ञानाचा मास्तर महिनोन् महिने गाडीला बांधलेल्या त्या लिंबाकडे बघून नाक मुरडत होता, पण गाडी धुतली कशाने जाते हे विचारायचं मला सुचलं नाही.

सिस्टरने तिथून थेट एजाजचं गॅरेज गाठलं. त्याला विचारलं, "एजाजभाई, गाडी आली की तुम्ही पहिलं काय करता?"

"पहिलं बॅटरीची तार काढायची. अब्बांपासूनची शिस्त हाय. शॉक नको, शॉर्ट नको."

"आणि मशीन लावून तपासणी?"

"ती नंतर, तार जोडून…" म्हणता म्हणता एजाज थांबला. हातातला पाना खाली ठेवला. "सिस्टर, एक मिनिट. या जुन्या गाडीत तार काढली की कॉम्प्युटरची आठवण पुसली जाती. दोष कुठं झाला ते त्यानं लिहून ठेवलेलं असलं तरी ते मीच पुसलं की वो!"

तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, पाण्याचा संबंध असावा. दोन, पुरावा दरवेळी आपल्याच हाताने जात होता. पण असावा आणि आहे यांत अंतर असतं. बैठक जवळ आली होती. पुढच्या अमावास्येची वाट बघायला सिस्टरकडे वेळ नव्हता, आणि धीरही नव्हता. तिने महिपतीमामांना सांगितलं, "मामा, आज इंजिनाला पंपाने आंघोळ घाला. अमावास्येला घालता तशीच."

मामा म्हणाले, "आज आमुशा न्हाय की!"

"आज परीक्षा आहे."

मामांनी नाराजीने पंप धरला. इंजिन न्हाऊन निघालं. सिस्टर स्टिअरिंगवर, एजाज शेजारी मांडीवर मशीन घेऊन, आणि साक्षीदार मागे. बॅटरीच्या तारेला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम. गाडी बार्शी रोडला लागली. सुरळीत. गिअर असे पडत होते की पोटातलं पाणी हलू नये. एजाज माझ्याकडे बघायला लागला, मी खिडकीबाहेर बघायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाई, बिघड एकदाची.

बाळे मागे पडलं. सिस्टरने ओठ आवळले होते. वेग कमी करायचा, पुन्हा वाढवायचा, पुन्हा कमी, पुन्हा जास्त. हट्ट म्हणतात तो हा. आणि मग बसला! असा बसला की माझा चष्मा पुढच्या सीटवर. आम्ही तिघेही आनंदाने ओरडलो. रस्त्यावरून कोणी पाहिलं असतं तर त्याला आम्ही वेडे वाटलो असतो. एजाजच्या मशीनवर दोषाचा आकडा उमटला. तो मशीनवर थाप मारून म्हणाला, "बोली रे बोली! गाडी बोली! सर, गिअर बदलायचा हुकूम तारेतनं जातो. तो हुकूम पोचंना झालाय. हुकूम पोचला न्हाय की गाडी घाबरती, तेलाचा दाब वाढवून एकाच गिअरला धरून बसती. म्हणून गचका. गिअरबॉक्स ठणठणीत हाय!"

परत येऊन गाडी उचलली. गिअरबॉक्सच्या अंगाला तारांचा एक खटका, म्हणजे प्लग, जोडलेला असतो, त्याच्या तोंडाशी रबराची कडी. वयाने ती कडी कडक होऊन तडकलेली. खटका उपसला तर आत पाणी, आणि पितळी टोकांवर हिरवा थर. बादलीच्या पाण्याने तिथवर पोचायची ताकद नव्हती, पंपाच्या होती. उन्हात गाडी उभी राहिली की पाणी सुकायचं आणि दुखणं पळायचं. आपलं सोलापूरचं ऊन! दर खेपेला त्यानेच गाडी बरी केली आणि त्यानेच आम्हाला फसवलं.

महिपतीमामा सगळं बघत होते. ते एकदम खाली बसले. "म्हंजी शिष्टर, म्या केलं व्हय ह्ये? तात्याबा वरडला त्यो माज्यामुळं?"

सिस्टर घोटा वाकत नसताना त्यांच्यासमोर बसली. म्हणाली, "मामा, तुम्ही सांगितलंत म्हणून सापडलं. रबर सडलेलं होतं, पाणी आत गेलं, एवढीच गोष्ट आहे. अमावास्येला नारळ फोडा, हळदीकुंकू वाहा. फक्त इंजिनाला पंप नको, ओल्या फडक्याने पुसा."

मामांनी डोळे पुसले आणि विचारलं, "आन लिंबू?"

"लिंबू बांधा की!"

एजाजने टोकं साफ केली, नवी कडी बसवली. आम्ही चहाला वळलो, तर सिस्टर म्हणते, "अजून झालं नाही. मामा, पुन्हा पंप मारा." एजाज चिडला. "सिस्टर, माझ्या कामावर भरोसा न्हाय काय?" ती म्हणाली, "तुमच्यावर आहे. पण मागे तात्याबा झोपणार आहेत." त्यावर एजाजने स्वतः पंप उचलला. पुन्हा तोच रस्ता, तेच बाळे. पुढे वडाळा. एकही गचका नाही. मी म्हटलं, वळूया आता. सिस्टर वळली नाही. सरळ वैरागच्या दिशेने गेली, वस्तीच्या कच्च्या वाटेवर उतरली आणि दवाखान्यातून घरी परतलेल्या तात्याबांच्या दारात गाडी उभी केली. ड्रेसिंगची पिशवी तिने सकाळीच डिकीत ठेवली होती. बजाबाई दारात येऊन म्हणाल्या, "आलीस व्हय गं बाई? मला वाटलं, आता कोन यील." त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी तापट माणूस, पण त्या दिवशी गाडीमागे जाऊन मी डोळे पुसले, हे इथे सांगायला मला लाज वाटत नाही.

बैठकीत ठराव मागे घेतला गेला. त्याबद्दल अध्यक्षांचे आभार मी तेव्हाही मानले होते, आजही मानतो.

आता, उत्कर्षाताई, तुम्ही माझ्यापुढे वेळ संपल्याची चिठ्ठी सरकवली आहे. मी वाचली. पण मूळ मुद्दा राहिला आहे.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक विषय आहे. घरभेटी विभागाचा फेरविचार. कारण काय, तर हेमावती सिस्टर निवृत्त झाल्या. म्हणजे तोच ठराव, नवे कपडे घालून! मागच्या वेळी गाडी नादुरुस्त म्हणून भेटी बंद करायच्या होत्या, आता गाडी ठणठणीत आहे तर बाई नाही म्हणून. मी विचारतो, तात्याबांचं अंथरूण निवृत्त झालं का? बजाबाईंच्या दाराची वाट निवृत्त झाली का? गेलं वर्षभर या गाडीत सिस्टरबरोबर कोण फिरतं आहे? ऋतुजा सिस्टर, उभी राहा जरा. लाजू नकोस. ही मुलगी जखम धुते, नळी बदलते, गाडी चालवते, आणि रुग्णाला वाचा नसली तर आदल्या दिवशी काय झालं हे उशाशी बसलेल्याला विचारते. तिला तुम्ही केंद्रात टेबलाशी बसवणार आहात असं माझ्या कानावर आलं आहे. ऋतुजा, घरभेटींना जाशील का?

"जाते की सर."

ऐकलंत? अध्यक्षमहाराज, आता तुम्ही बोला. बैठकीत नको, इथे बोला. गावागावांतून माणसं आली आहेत. घरभेटी चालू राहणार की नाही? काय म्हणालात? डॉक्टरसाहेब, जरा माईक जवळ घ्या.

"राहणार. चालू राहतील."

बजाबाई, तुम्हाला ऐकू आलं?

"न्हाय वो, फ्यानचा आवाज येतुया."

साहेब, पुन्हा एकदा. मोठ्याने.

"घरभेटी बंद होणार नाहीत!"

धन्यवाद. टाळ्या वाजवा, त्या अध्यक्षांसाठी आहेत, त्यांनी मोठं मन दाखवलं.

सिस्टर, तुला निरोप देताना मला वाईट वाटतंय, ते मी लपवत नाही. मागच्या सीटवरून मी तुझ्याकडून शिकलो, आणि शिकवणाऱ्याला या वयात शिकायला मिळणं म्हणजे भाग्यच. आता घोट्याला विश्रांती दे. आमच्याशी भांडायला मात्र अधूनमधून ये.

आपण सर्वांनी या उकाड्यात माझं लांबलेलं बोलणं सहन केलंत, आयोजकांनी चिठ्ठी देऊनही मला खाली ओढलं नाही, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर म्हाताऱ्याचा स्वभाव समजून पोटात घाला. अध्यक्षांकडून भर सभेत जे वदवून घेतलं, त्याची मात्र मी माफी मागणार नाही.

सिस्टर, ऋतुजाला किल्ली दे. उद्या सकाळी तात्याबांचं ड्रेसिंग आहे.

नमस्कार.